काळजी विमा आला तर आम्ही केंद्रचालक त्यात नाव घालणार का? (बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी)

सावली बेळगाव (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

बेळगावच्या वेशीवर माझं २२ खाटांचं केंद्र आहे. यंदा अकरावं वर्ष. पाटीवर 'वृद्धाश्रम' आहे, पण आश्रम आता नावालाच उरलाय. सुरुवातीला आलेली माणसं हिंडती-फिरती होती. सकाळी परसातली जास्वंद तोडून देवाला वाहायची, संध्याकाळी गेटपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करायची. आज २२ पैकी ९ जण अंथरुणाला खिळलेत, चौघांचं जेवण नाकातल्या नळीतून आणि पाच-सहा आज्जींना आपण कुठं आहोत तेच कळत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या भागातले सात-आठ केंद्रचालक चहाला जमलो होतो. नीती आयोगानं फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या काळजीवर एक अहवाल काढलाय, त्यावरून बोलणं निघालं. कुणीतरी विचारलं, जपान-जर्मनीसारखा सरकारी काळजी विमा आपल्याकडं आला तर आपण त्यात नाव घालणार का? आधी कुणीच बोलेना. मग सगळेच एकदम बोलायला लागले. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून इथं मांडतेय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आरोग्य विमा आजाराचे पैसे देतो, हा विमा हातांचे पैसे देतो. अंघोळ घालणारे, भरवणारे, कूस बदलणारे, शौचाला नेणारे हात. जर्मनीत हा १९९५ पासून आहे, जपानात एप्रिल २००० पासून, दक्षिण कोरियात जुलै २००८ पासून. जपानात चाळिशी ओलांडली की प्रत्येकाला हप्ता सुरू होतो. निम्मे पैसे हप्त्यांतून आणि निम्मे करातून येतात. माणूस परावलंबी झाला की तपासणारा घरी येतो, श्रेणी ठरवतो आणि त्या श्रेणीप्रमाणं सेवा मिळते. स्वतःच्या खिशातून साधारण दहा टक्के भरायचे, मिळकत जास्त असेल तर वीस किंवा तीस.

आपल्याकडं काय आहे? आयुष्मान भारत. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं कवच, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना, मिळकत कितीही असो. चांगलीच योजना आहे, माझ्या डोळ्यांसमोर माणसं त्यातून वाचलीत. पण ती आहे हॉस्पिटलात दाखल होण्यासाठी. डिस्चार्जनंतर १५ दिवसांचा खर्च त्यात धरलाय. आमच्याकडं आलेल्या एका आजोबांना पक्षाघात झाला होता. नऊ दिवस हॉस्पिटलात, बिल शून्य. घरी आले ते उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, लघवीची पिशवी लावलेली. सोळाव्या दिवसापासून कोण? सून सकाळी आठला शिवणकामाला जायची. तिनं दोन महिने काढले, मग पाठीवर तळहाताएवढी जखम झालेली असताना त्यांना आमच्याकडं आणलं. ती जखम मी धुतलीय. आत बोट जायचं. त्या सुनेला मी एका शब्दानं बोलले नाही, कारण तिची काही चूक नव्हती.

आता केंद्रचालक काय म्हणाले ते. चौघांनी एकच प्रश्न विचारला, पैसे कधी मिळणार? दोघं म्हणाले, दर कोण ठरवणार, बेंगळूरच्या एसी खोलीत बसलेला माणूस? एकजण म्हणाले, आमच्याकडं कॉम्प्युटरवर बसायला माणूस नाही, कागद कोण रंगवणार? हे सगळे मुद्दे खरे आहेत, पुढं त्यावर बोलूच. पण एक गोष्ट कुणीच बोललं नाही, मीही बोलले नाही. ती आता सांगते.

विमा आला की मोजणी येणार. किती खाटा, किती माणसं, रात्री किती. आमच्याकडं आठ वर्षं रात्री एकच मावशी होती. नऊ जण खिळलेले असले तर दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्री आठ ते सकाळी आठ म्हणजे सहा फेऱ्या, म्हणजे ५४ वेळा. डायपर बघून, चादर ओढून, उशी लावून एका माणसाला आठ मिनिटं धरा. सात तास बारा मिनिटं होतात. त्यात नळीचं जेवण आलं नाही, कुणी उठून दाराकडं निघालं तर त्याला आणणं आलं नाही, मावशीचं स्वतःचं जेवण आलं नाही. म्हणजे ते होत नव्हतं. सहाच्या जागी तीन फेऱ्या व्हायच्या. वहीवर मात्र सहा टिका असायच्या आणि खाली सही माझी असायची.

रात्रीच्या पाळीचे ४५० रुपये. दुसरी बाई ठेवायची तर महिन्याला साडेतेरा हजार. २२ जणांचे मिळून सव्वातीन लाख येतात. भाडं, पगार, किराणा, दूध, गॅस, वीज, लाँड्री, डॉक्टरांची फेरी जाऊन माझ्या हातात पंचवीस हजार उरतात. ओढूनताणून ठेवता आली असती. मी ठेवली नाही. या जूनपासून ठेवलीय आणि त्यासाठी प्रत्येकी ६०० रुपये वाढवले. एका घरानं त्यावरून आज्जींना परत नेलं.

म्हणून मला वाटतं की हा विमा यावा, मोजणीसकट यावा, आणि त्यातला पैसा आधी मावशीच्या हातात पडेल अशी अट घालूनच यावा. तुम्हाला काय वाटतं? केंद्र चालवणारे, ज्यांचं कुणी केंद्रात आहे ते, आणि घरीच करणारे, सगळ्यांनी लिहा.

निपाणकर

आक्का, वाचून पोटात कालवलं. माझ्या आईनं चाळीस वर्षं बिड्या वळल्या. बोटं आता मिटतच नाहीत. निपाणीत घरटी अशी एक तरी बाई सापडेल. जपानात चाळिशीपासून हप्ता म्हणता, पण इथं चाळिशीत हप्ता भरायला पगाराची पावती कुणाकडं आहे? आईला संध्या सुरक्षा पेन्शनचे महिन्याला १२०० येतात, त्यात डायपरचं एक पाकीटसुद्धा धड महिनाभर पुरत नाही. हप्ता न भरलेल्यांचं काय, ते आधी सांगा.

चिकोडीचा केंद्रवाला

मी त्या चहाला होतो. 'पैसे कधी मिळणार' म्हणणाऱ्या चौघांतला मी एक. इथं नाव नाही म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या १२ खाटा आहेत. वडिलांचं घर, त्यावर बँकेचं कर्ज काढून मागं संडास-बाथरूम आणि रॅम्प केला. आमच्या घरात ऊस आहे. ऊस कारखान्याला घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, १९६६ सालचा. आमच्या भागात ज्याच्या शेतात ऊस आहे त्याला विचारा १४ दिवस म्हणजे किती असतात ते. हॉस्पिटलवाले माझे दोन मित्र आहेत, योजनेचं बिल लावून सहा सहा महिने वाट बघायलेत. त्यांच्याकडं दुसरे रोख पेशंट आहेत म्हणून तगलेत. माझ्याकडं १२ माणसं आणि पहिल्या तारखेला सात पगार. एक महिना पैसे थांबले तर मी दूधवाल्याला काय सांगू? आणि केंद्र बंद केलं तर त्या १२ जणांना कुठं पाठवू?

मी विम्याच्या विरोधात नाही. उधारीच्या विरोधात आहे. माझ्याकडं तिघं फुकट राहतात हेही सांगतो. त्यांच्या घरून पैसे येणं कधीच थांबलंय. विमा आला तर त्या तिघांचे पैसे मला मिळतील, म्हणजे माझा फायदाच आहे. तरीसुद्धा भीती वाटते.

मोजणीबद्दल आक्का तुम्ही लिहिलंत ते वाचून झोप आली नाही. माझ्याकडं रात्री मीच असतो. कोणती सही करू?

सावली बेळगाव

चिकोडीवाले दादा, तुम्ही रात्री स्वतः असता हे मला माहीत नव्हतं. आमच्यापैकी निम्म्यांचं तसंच आहे बहुतेक, मालकच रात्रीची पाळी करतो आणि ती कुठंच लिहिली जात नाही. तुमची पाळीसुद्धा पगारी धरली पाहिजे. तो हिशेबात घालायचा खर्च आहे, तुमचा मोठेपणा म्हणून सोडून द्यायचा नाही.

आकडेमोड

मी विम्याच्या दाव्यांच्या कामात सतरा वर्षं आहे. बाहेरच्या देशांचं थोडं वाचलंय, म्हणून चिकोडीच्या मुद्द्यावर लिहितो. ही भीती फक्त आपल्याकडची नाही.

जपानात सेवेचे दर सरकार दर तीन वर्षांनी ठरवतं. २०२४ च्या फेरआखणीत घरी जाऊन सेवा देणाऱ्यांचे मूळ दर कमी केले. त्याच वर्षी काळजी सेवा देणाऱ्या संस्था विक्रमी संख्येनं दिवाळखोरीत गेल्या. त्यात घरी जाणाऱ्या छोट्या संस्था मोठ्या प्रमाणात होत्या. महागाई आणि माणसं न मिळणं ही कारणंही होतीच, पण दराचा फटका बसला. म्हणजे पैसे वेळेवर मिळाले तरी दर चुकला की छोटा माणूस आधी बुडतो.

कोरियाची गोष्ट उलटी. तिथं २००८ मध्ये योजना सुरू करताना सेवा देणारे कमी पडतील म्हणून दारं सताड उघडी ठेवली. खासगी, छोटी केंद्रं भराभर निघाली. मग खोटी बिलं, एकमेकांचे पेशंट ओढणं सुरू झालं. नंतर सरकारनं कडक केलं. खासगी केंद्रांनाही हिशेबाचे नियम लावले, दर सहा वर्षांनी मान्यता पुन्हा घ्यायची अट आली, आणि मिळालेल्या पैशांतला ठरलेला वाटा पगारावर खर्च करायची अट आली. केंद्रचालकांनी मोठा विरोध केला. म्हणणं हेच, इमारत आमची, कर्ज आमचं, मग हिशेब तुम्हाला कशाला? चिकोडीचे दादा जे बोलतायत त्याच्या अगदी जवळचं. मला दोन्ही बाजू कळतात. पण एकदा लोकांच्या हप्त्याचा पैसा घेतला की हिशेब द्यावाच लागणार, याला वाट नाही.

धागाकर्तीची जी अट आहे, पैसा आधी मावशीला, ती अनेक ठिकाणी घातलीय. जपानात २०१२ पासून पगारवाढीसाठी दरावर वेगळी भर मिळते, ती कर्मचाऱ्यांवरच खर्च झाल्याचं दाखवावं लागतं. जर्मनीत सप्टेंबर २०२२ पासून कामगार कराराच्या पातळीचा पगार न देणाऱ्या केंद्राला विम्याचं काम मिळत नाही. माझं मत विचाराल तर ही अट पहिल्या दिवसापासून हवी. एकदा चालकांना त्या पैशांची सवय झाली की नंतर घातलेली अट जुलूम वाटते. कोरियात तेच झालं.

येळ्ळूरकर

वाचतोय. चांगला धागा.

हिंदवाडीची लेक

मी पुण्यात असते. आई बेळगावात एका केंद्रात आहे, महिन्याला १८ हजार आणि औषधं-डायपर वेगळे. पैशांबद्दल तक्रार नाही, मला परवडतं. मला दुसऱ्या गोष्टीवर लिहायचंय.

केंद्रात ठेवण्याआधी सहा वर्षं आईचं सगळं वहिनीनं केलं. वहिनी शाळेत होती, तिनं नोकरी सोडली. त्या सहा वर्षांत आम्ही तिच्या हातावर काय ठेवलं? दिवाळीला साडी. आई केंद्रात गेली त्या महिन्यापासून आम्ही दोघं भावंडं मिळून १८ हजार देतो. म्हणजे पैसे होते. तिला द्यायचे असतात असं आमच्या मनातच आलं नाही. हे मी पहिल्यांदाच लिहितेय.

जर्मनीत घरच्या माणसानं केलं तर कुटुंबाला रोख रक्कम घेता येते असं वाचलं होतं. ते खरं आहे का? तसं इथं झालं तर केंद्रचालकांना चालेल का, की आपले पेशंट कमी होतील म्हणून नको म्हणतील?

आकडेमोड

खरं आहे. जर्मनीत सेवा घ्या किंवा रोख घ्या, किंवा थोडं हे थोडं ते. तिथं दर सात लाभार्थ्यांतले साधारण सहा घरीच असतात. जपाननं मात्र रोख द्यायचं मुद्दाम टाळलं. पैसे दिले की सून पुन्हा घरातच अडकेल, असं तिथल्या महिला संघटनांचं म्हणणं होतं. दोन्ही बाजूंना वजन आहे.

आणखी एक, जर्मनीचा विमा सगळा खर्च उचलत नाही. केंद्रात राहणाऱ्याला पहिल्या वर्षी स्वतःच्या खिशातून महिन्याला सरासरी अडीच हजार युरोच्या वर भरावे लागतात. ज्यांना झेपत नाही त्यांचं समाजकल्याण खातं भरतं. 'विमा आला की सगळं फुकट' अशी आशा कुणी ठेवू नये.

सावली बेळगाव

हिंदवाडीची लेक, माझ्यापुरतं सांगते. रोख मिळाली आणि वहिनीसारखी माणसं घरी ठेवू शकली तर माझ्या काही खाटा रिकाम्या होतील. होऊ देत. माझ्याकडं असे चार-पाच जण आहेत की ज्यांच्या घरी हात आहेत, जागा आहे, फक्त घरातलीच्या रोजगारावर पाणी सोडणं परवडत नाही. ती माणसं घरीच बरी. उरलेल्या खाटा ज्यांचं घरच नाही त्यांना लागतातच.

उद्यमबाग

मी फौंड्रीत आहे, वीस वर्षं. निपाणकरांच्या प्रश्नावर. पगारदाराचं सोपं आहे. ईएसआयला, म्हणजे कामगार विम्याला, माझ्या पगारातून पाऊण टक्का कापतात, मालक सव्वातीन टक्के घालतो. आणखी थोडा कापला आणि म्हातारपणी बायकापोरांच्या गळ्यात पडलो नाही तर मी हसत देईन. पण ईएसआय २१ हजार पगारापर्यंतच. बढती मिळालेले आमचे पोरगे त्याबाहेर जायलेत. काळजी विम्याला अशी वरची मर्यादा नको, सगळ्यांनी भरायचं.

बिनपगारी लोकांसाठी कर्नाटकची यशस्विनी आरोग्य योजना आठवते का कुणाला? २००३ साली आली होती, सहकारी संस्थेच्या सभासदाला वर्षाला ६० रुपये. माझ्या चुलत्यानं दूध सोसायटीतून भरले होते आणि हृदयाचं ऑपरेशन झालं. मधे बंद पडली, २०२२ ला परत सुरू केली. म्हणजे शेतकरी, गवळी, विणकर हप्ता भरत नाहीत असं नाही. त्यांच्या ओळखीच्या सोसायटीत, ओळखीच्या सेक्रेटरीकडं भरायचा असला तर भरतात.

निपाणकर

हे पटलं. आमच्याकडं बायकांचे बचत गट आहेत, आठवड्याला पन्नास रुपये न चुकता टाकतात. पण आईच्या वयाच्यांना आता हप्ता भरायला सांगून काय उपयोग. त्यांचं करातूनच व्हायला पाहिजे.

पाळीवाली सिस्टर

मी केंद्रांत आणि घरोघर मावशी पुरवते, स्वतः नर्स आहे. सगळे मालक आणि घरचे बोलले, मावशीतर्फे मी बोलते.

बायका खानापूर भागातून येतात, बैलहोंगल-कित्तूर कडून येतात, काही चंदगडहून. जून २०२३ ला शक्ती योजना आली, बसप्रवास फुकट झाला, तेव्हा लांबच्या गावांतल्या बायका यायला लागल्या. त्याआधी रोजच्या ४५० तले ८० तिकिटालाच जायचे. चंदगडच्या बायकांकडं महाराष्ट्राचं आधार, त्यांना इकडं ते फुकट नाही. एकच काम, एकच वॉर्ड, आणि एकीच्या हातात रोज ऐंशी कमी.

कामाला नावच नाही. जपानात, कोरियात या कामाचं प्रशिक्षण, परीक्षा, प्रमाणपत्र आहे. इथं माझ्याकडं एक बाई आहे, नळीनं भरवताना आधी सिरिंजनं ओढून नळी पोटातच आहे ना बघते, डोकं उंच ठेवते, भरवून झाल्यावर अर्धा तास आडवं करू देत नाही. तिला हे मी शिकवलं, पण आता तीच नव्या बायकांना शिकवते. तिच्या हातून एकाही पेशंटच्या फुप्फुसात पेज गेली नाही. कागदावर ती 'हेल्पर'. काल शिकायला आलेली पण 'हेल्पर'. दोघींना ४५०.

विमा आला आणि त्यात श्रेणी फक्त पेशंटच्या ठेवल्या, तर मला नको. मावशीच्याही श्रेणी ठेवा.

चिकोडीचा केंद्रवाला

सिस्टर, हे मी मान्य करतो. पण एक विचारू? प्रमाणपत्राची सक्ती झाली तर माझ्याकडच्या तिघी, ज्यांना सही करता येत नाही, त्यांना काढावं लागेल का? त्यातली एक दहा वर्षं आहे.

पाळीवाली सिस्टर

तोंडी आणि हाताची परीक्षा घ्यावी. पेशंट कुशीवर वळवून दाखव, टाचेखाली उशी कुठं लावतेस दाखव. लिहायला लावू नये. आणि मराठीत किंवा कानडीत, तिला जी येते त्यात.

खानापूरकर

भाषेचं निघालंच आहे तर. केंद्रचालकांच्या मनात आणखी एक शंका असते, ती आपण सीमाभागातले लोक उघड बोलतो आणि पुढं काही होत नाही. अर्ज कुठल्या भाषेत? तपासणारा कुठल्या भाषेत विचारणार? ज्या भागात भाषिक अल्पसंख्य १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथं महत्त्वाचे नियम, सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात हे जुनंच ठरलेलं आहे. खानापूर तालुक्यात मराठी किती ते सांगायला नको. तरी तलाठ्याच्या चावडीत माझ्या वडिलांना कागदावर काय लिहिलंय ते शेजाऱ्याला विचारावं लागतं.

२०२३ साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, कर्नाटक सरकारनं हरकत घेतली. कुणाचं बरोबर यावर इथं भांडायचं नाही. ज्याची आई आजारी आहे तो दोन्ही सरकारांच्या मधे उभा आहे एवढंच. काळजी विमा आला तर तो केंद्र सरकारचा असावा, राज्याच्या हद्दीत अडकणारा नको. आमच्या गावातली निम्मी पोरं गोव्यात, कोल्हापुरात, पुण्यात. हप्ता तिकडं कापला जाणार आणि आई-बाप इकडं.

सावली बेळगाव

खानापूरकर, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी काल एक करून बघितलं.

जपानात तपासणीला ७४ बाबी असतात. त्यात उठता येतं का, गिळता येतं का, हे आहेच, शिवाय स्वतःचं नाव सांगता येतं का, आत्ता कुठला ऋतू आहे, आपण कुठं आहोत, असंही असतं. आमच्याकडं पंच्याऐंशीच्या एक आज्जी आहेत, खानापूरकडच्याच. ऐकू कमी येतं पण डोकं बऱ्यापैकी ठिकाणावर. आमच्याकडं येणाऱ्या एका कानडी बोलणाऱ्या ताईंना मी म्हटलं, तुम्ही विचारा. त्यांनी अगदी प्रेमानं विचारलं, 'अज्जी, निम्म हेसरेनु?' म्हणजे तुमचं नाव काय. आज्जी हसल्या. 'ईग याव काल?' म्हणजे आत्ता कुठला ऋतू. आज्जींनी माझ्याकडं बघितलं आणि पदर नीट केला. तिसऱ्या प्रश्नाला डोळे मिटून घेतले. कागदावर तिन्ही ठिकाणी 'सांगता येत नाही' पडलं असतं.

मग मी जवळ बसून विचारलं, 'आज्जी, आता कुठला महिना चाललाय?' लगेच म्हणाल्या, 'आषाढ न्हवं का. वारकरी परत आलं असतील की.' बरोबर होतं.

आणि हे उलटंही होतं, तेही सांगायला हवं. आमच्याच वॉर्डात बैलहोंगलच्या एक कानडी आज्जी आहेत. पहिले चार दिवस त्या जेवत नव्हत्या. आम्ही समजलो रुसल्यात. त्या रोज 'मज्जिगे' मागत होत्या आणि मराठी मावशी 'होय आज्जी, होय' म्हणून पाठ थोपटून जात होती. पाचव्या दिवशी कुणीतरी समजून ताक आणून दिलं, तेव्हा दोन पेले प्यायल्या.

माणूस विसरत जातो तशी नंतर शिकलेली भाषा आधी जाते. लहानपणची शेवटपर्यंत राहते. त्यामुळं तपासणी आज्जीच्या भाषेत झाली पाहिजे ही मागणी मला अभिमानापेक्षा ताकाच्या पेल्याइतकी साधी वाटते. या मागणीवर बेळगावातले मराठी, कानडी, उर्दू सगळे केंद्रचालक एकत्र सही करतील, मी स्वतः फिरून घेईन.

निवृत्त सुभेदार

मराठा सेंटरमधून निवृत्त. ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमुळं माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मिसेसचं मोतीबिंदूचं झालं, त्याबद्दल कृतज्ञ आहे. पण मिसेस आता तीन वर्षं पडून आहे. अंघोळ मी घालतो. माझं वय ७८. मला कुठली योजना कुणाची ते कळत नाही. परवा अंघोळ घालताना दोघंही मोरीत बसलो, उठायला शेजारचा पोरगा आला.

सावली बेळगाव

सुभेदार काका, तुम्हाला व्यक्तिगत निरोप पाठवलाय, कृपया बघा. मोरीत बसायची प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीला धरायचा दांडा आधी बसवून घ्या, हजार-बाराशेत होतं. अंघोळ रोज नको, एक दिवसाआड अंथरुणातच ओल्या पंचानं पुसून काढलं तरी चालतं. कसं करायचं ते सिस्टर येऊन दाखवतील.

पाळीवाली सिस्टर

उद्याच जाते. पत्ता निरोपात द्या.

चिकोडीचा केंद्रवाला

आक्का, मी परवा रात्री तुमच्यासारखं मोजून बघितलं. १२ पैकी पाच खिळलेले. रात्री ३० वेळा कूस बदलायची होती. माझ्याकडून १७ वेळा झाली. दोन ते पाच मी खुर्चीतच झोपलो होतो. १७ च लिहिलं.

विम्याला माझा होकार धरा, पण तीन गोष्टी लिहून. बिल लावल्यापासून ठरलेल्या दिवसात पैसे, उशीर झाला तर व्याज आणि ते व्याज न मागता मिळालं पाहिजे. उसाच्या कायद्यातही व्याज आहे, मागायला गेलं की पुढच्या वर्षी ऊस घेत नाहीत. दुसरं, वीस खाटांच्या आतल्या केंद्रांना कागदाचं काम करायला तालुक्याला एक माणूस सरकारनं द्यावा. तिसरं तुमचं, पगाराचा वाटा आधी. तो मी आता विरोध न करता घालतो.

आणि तुमच्या रात्रीच्या वहीचा नमुना पाठवाल का? माझी वही म्हणजे शाळेची दोनशे पानी, त्यात काही कळत नाही.

सावली बेळगाव

दादा, तुमच्या १७ बद्दल आभार. माझ्या जुन्या वह्यांत कुठंही १७ नाही, सगळीकडं पूर्णच आहे.

नमुना असा: आडव्या ओळीत खाटेचा नंबर, उभ्या रकान्यात ८, १०, १२, २, ४, ६. रकान्यात टीक मारायची नाही, कूस लिहायची: डा, उ, किंवा पाठ. टीक डोळे मिटून मारता येते, कूस लिहायला बघावं लागतं. शेवटच्या रकान्यात कातडी: ठीक, लाल, फुटली. झालं नाही तर रकाना कोरा सोडायचा, त्याबद्दल मावशीला कुणी बोलायचं नाही. सकाळी कोरे रकाने मोजून खाली आकडा लिहायचा आणि मग सही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर शनिवारी या. सिस्टर, निपाणकर, कुणीही या. दुपारी तीननंतर बरं पडतं, तोवर जेवणं आणि नळीचं भरवणं उरकलेलं असतं, आज्जी लोक जागे असतात.